खूण केलेली वाटी

दुपारची भांडी पालथी घालून गिरिजा नवऱ्याची, मल्लप्पाची, शाल अंगावर ओढते. डायलिसिसच्या खोलीत फार गारठा, म्हणून तो ती बरोबर न्यायचा. तो गेल्याला वर्ष झालं, शाल अजून धुतलेली नाही. उशाशी भाचीचं नर्सिंगचं पुस्तक उपडं पडलंय. डोळा लागतो न लागतो तोच पायाशी मल्लप्पा बसलेला, खांद्यावर नगरपालिकेची, गल्लोगल्ली पाणी सोडायची लांब चावी.

"काय वाचतेस एवढं?"

"तुमच्या किडन्या."

"आता? बरा मुहूर्त काढलास."

खाट हळूच दवाखान्याची होते. मशीन घुरघुरतं.

"तुम्हाला उपाशी मारलं मी," ती म्हणते. वर्षभर न बोललेलं बाहेर पडतं. आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धीच वाटी वरण. डायलिसिस लागल्यावर नवा कागद दिला, आता डाळ वाढवा, मशीन रक्तातलं सत्त्वही धुऊन नेतं. तो कागद औषधांच्या पिशवीत राहिला. गिरिजा काटेकोर बाई. वाटीला आतून खूण केलेली, चार महिने त्या खुणेवर थेंब चढू दिला नाही तिनं.

"पुस्तकात आहे. डाळीतली अमायनो आम्लं कमी पडली की किडनीच्या पेशी गप्प बसत नाहीत. आत ठेवलेली दारं पुढं आणून लावतात, नवीही घडवतात, मिळेल तो कण आत ओढायला. तुमच्या उरल्यासुरल्या पेशी दारं उघडून उभ्या असतील, आणि मी…"

"चल," तो म्हणतो.

किडनीतल्या नळ्यांच्या गल्ल्या झालेल्या असतात. पायाखाली कोमट पाणी, दोन्ही अंगांना घरं. मल्लप्पा चावी फिरवतो. धार बारीक होते तसं एकेक घर मागच्या खोलीतून दार उचलून आणतं आणि पाण्याच्या बाजूला बसवतं. एकेका भिंतीत चार, सहा.

"पाणी कमी सोडलं की आपली गल्ली काय करायची?"

"दुसरा नळ घ्यायची. चोरून."

"मग? माझा जन्म यातच गेला."

"पण दारातून आत काही गेलं का हो?"

तो मान खाजवतो. "शेजारच्या कॉटवरचा बागवान उकडलेली अंडी आणायचा. दोन त्याला, दोन मला. शालीखाली."

"अंडी? गळ्यात लिंग असताना?"

"आधी लिंगाची माफी मागायचो. मग तुझी."

"मला सांगायचं तरी."

"वाटी मापताना तुझं तोंड बघायला हवं होतंस. एवढं मन लावून मला कुणी वाढलं नव्हतं. ते कशाला मोडायचं?"

तो चावी पुरती उघडतो. पाणी चढतं. दारं एकेक करून आत जातात, तोही त्यांच्यामागून.

उन्हाचा पट्टा पायावर आलाय. गिरिजा उठते, शाल झटकते. गोंड्यात काहीतरी टोचतं. नखाएवढं, पांढरं, आतून पातळ पापुद्रा चिकटलेलं टरफल.

देव्हाऱ्याकडे पाठ करून ती ते खूण केलेल्या वाटीत ठेवते.