पहिली ओळ देवाची

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी थोरल्याने सांगितलं, की तुमच्या तिकडच्या घराजवळच्या छोट्या कॉलेजातली दोन वर्षं संपली आणि आता तो राज्याच्या मोठ्या विद्यापीठात जाणार आहे. त्याचे आधी झालेले दोन विषय तिथे धरत नव्हते. त्याने ईमेल केला, उत्तर आलं, विषय धरले. ऐकून मला खरंच बरं वाटलं. मग धाकटीने विचारलं, "आणि वरची ताई? ती गेली का पुण्याला?" मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. हा प्रश्न पुन्हा येणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

वरची ताई म्हणजे आपल्या गच्चीवरच्या खोलीत तीन वर्षं राहिलेली सांगोल्याकडची मुलगी. तिचे वडील तुमच्या आजोबांच्या ओळखीतले. त्यांची थोडी डाळिंबाची बाग आहे आणि मेंढरं आहेत. दहावीनंतर ती इथे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आली. मागच्या खेपेला तुम्ही दोघांनी तिच्याबरोबर गच्चीवर बादलीने पाणी ओतून, ते कुठे वाहतं त्याच्या खडूने रेघा मारल्या होत्या. जिन्यापर्यंत सगळं ओलं करून ठेवलं होतं. तीच ती.

डिप्लोमा चांगल्या मार्कांनी झाला, की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिला पुण्याचं सरकारी कॉलेज हवं होतं. दुसरं काही नको होतं. मार्क तेवढे होते. हव्या त्या कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने इंटरनेटवर भरायची आणि मार्कांप्रमाणे फेऱ्याफेऱ्यांनी जागा मिळते, अशी पद्धत आहे. आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून क्रम ठरवला. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तो क्रम किती विचार करून लावला असेल ते सांगायला नको. पहिल्या ओळीत पुणे. बाकीचं त्याखाली.

ते भरायचं बाकी असतानाच ती गावी गेली. बागेची पहिली तोडणी होती.

त्यांच्या घरात पहिलं काहीच स्वतःसाठी घेत नाहीत. बहराचं पहिलं डाळिंब देवापुढे ठेवतात. शेळीचं पहिलं दूध देवाला. मेंढीचं पहिलं कोकरू देवाच्या नावानं कळपात सोडतात, ते कधी विकत नाहीत. त्यांच्या देवाच्या गावाजवळ एक लहानसं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, देवळाच्या पायरीवरून त्याची इमारत दिसते. वडील म्हणाले, "पैली ओळ देवाची घाल. मग तुजं पुणं."

ती सुरुवातीला वाद घालत होती, असं नंतर मला म्हणाली. पण तिच्या वर्गातली सगळी मुलं सांगत होती, की पहिली फेरी नुसती बघायची असते, खऱ्या जागा दुसऱ्या फेरीत मिळतात. तिने विचार केला, एक फेरी देवाला दिली तर घरात शांतता राहील. आणि तिने ते कॉलेज पहिल्या ओळीत घातलं.

मला हे इथल्या बाजारात, नवी पेठेत कळलं. पुण्याला न्यायला चाकांची बॅग घ्यायची म्हणून आम्ही गेलो होतो. दुकानदार चेन ओढून दाखवत असतानाच तिचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला आणि म्हणाली, "आजी, देवाचं कॉलेज लागलं." मग तिथेच, माणसं धक्के देत जात असताना, तिने मला सगळं सांगितलं.

"आता गं?" मी म्हटलं.

"काही नाही. दुसऱ्या राऊंडला पुणे वर टाकते."

बॅग घेऊन आम्ही रिक्षाने घरी आलो. तिने लॅपटॉप उघडला. दुसऱ्या फेरीचं बटण तिच्या नावाला नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवेशाच्या मदत केंद्रावर गेलो. तिथला तरुण सभ्य होता, त्याने मला स्वतःची खुर्ची दिली.

"आजी, पहिल्या ओळीतलं कॉलेज लागलं की सीट पक्की होते. पुढच्या राऊंडला नाव जात नाही."

"पण तिला ते नकोच आहे."

"मग पहिलं का टाकलं?"

देवाचं सगळं मीच सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या आईनं पण हेच सांगितलं असतं. पण सिस्टीम घेत नाही, आजी."

मी इंग्रजीत अर्ज लिहिला. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, अर्ज कसा लिहावा हे मला येतं. त्याने तो घेतला, पोचही दिली. त्यानंतर काही आलं नाही. त्यांनी दिलेल्या नंबरावर मी रोज फोन लावत असे. तो वाजत राहायचा.

वडील सांगोल्याहून आले ते डाळिंबांची पिशवी घेऊन. खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी बसले. "बाई, तुमाला विंग्रजी येतंय. नियमात कुटंतरी सूट असंल की. तेवढी हुडका."

मी चष्मा लावून नियम वाचला. पुन्हा वाचला. दोनच ओळी होत्या, स्वच्छ इंग्रजीत, कुठेही फट नसलेल्या. असली वाक्यं मी मुलांना फळ्यावर नमुना म्हणून लिहून दिली आहेत. त्यांचा अर्थ मी त्या माणसाला मराठीत सांगितला.

"न्हाय सूट?"

"नाही."

मग मुलगी वडिलांना म्हणाली, "दादा, देवाला सिव्हिल कशाला पायजे हो? त्याचं देऊळ बांधून झालंय की."

वडिलांनी पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. "कळस ऱ्हायलाय," ते म्हणाले.

ती हसली. तेही हसले. मग ती उठून गच्चीवर गेली आणि जेवायची हाक मारली तरी खाली आली नाही.

एक वाट होती. ही जागा सोडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरायचं. मी म्हटलं, वर्षभर माझ्याकडे राहू दे. वडिलांनी हात जोडले. "तुमी ठिवून घ्याल हो. पर हिची आत्या लई वंगाळ. माळशिरसचा पोरगा बघून ठिवलाय तिनं. रिकामी बसली म्हनलं की तुमच्या दारात येऊन बसंल."

मी त्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "आजी, एक वर्ष घरी बसले तर मग बसलेच." ती माझी नात नाही. असती तरी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. वर्गात माझा शब्द कधी खाली पडला नाही. इथे पडायला माझ्याकडे शब्दच नव्हता.

तिने तोच प्रवेश घेतला. पुण्यासाठी घेतलेली बॅग घेऊन ती एस.टी.त चढली. खिडकीतून म्हणाली, "गच्चीवर पाणी साठलं तर मला फोटो पाठवा." मी बरं म्हटलं.

आता ती रविवारी फोन करते. तिकडे जमिनीचं सर्वेक्षण शिकवायला अजून कोणी नेमलेलं नाही. यंत्रं कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. ती मोबाइलवर बघून शिकते. अभ्यास कसा चाललाय विचारलं की "चाललंय" म्हणते आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करते. वडिलांनी याही बहराचं पहिलं डाळिंब देवापुढे ठेवलं. दुसरं माझ्याकडे पाठवलं. ते मी खाल्लं, गोड होतं.

तेव्हा धाकटीला उत्तर असं, की ताई पुण्याला गेली नाही आणि आता जाणारही नाही. हे बदलायला मला काही करता आलं नाही. तुम्ही काढलेल्या खडूच्या रेघा पावसात धुऊन गेल्या. तिचा ड्रॉइंग बोर्ड वरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. खोलीची किल्ली तिने परत दिलेली नाही, मीही मागितलेली नाही.