पावणेपाचचा फोन

आर्लिस कांगसचं नाव काढलं की डलूथमधले लोक आधी तिच्या वेलदोड्याच्या पावाबद्दल बोलायला लागतात. मला त्याचा राग येतो. पाव चांगलाच असतो, ती मूळची फिनिश आणि फिनिश लोकांना त्यातलं कळतं, यात वाद नाही. पण जिने इतके हिवाळे उत्तर मिनेसोटातल्या पोरांना थंडीत ताटकळू दिलं नाही, तिची ओळख पावावरून व्हावी हे काही बरं नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलावर जन्म काढला आहे, तेव्हा हे मलाच सांगू द्या.

आमचं ऑफिस टेकडीवर, दोन खोल्यांचं. खिडकीतून तळं दिसतं, म्हणजे दिसायला हवं. बहुतेक वेळा धुकंच दिसतं. आजूबाजूच्या शाळांची संगणकाची कामं आम्ही बघतो. पोरांची जेवणं, बसचे मार्ग, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे पहाटेचा फोन. थंडी फार पडली किंवा रस्ते बर्फाने बुजले की शाळांचा प्रमुख पहाटे उठून ठरवतो, आज शाळा दोन तास उशिरा भरवायची की बंदच ठेवायची. त्याने तसं नोंदवलं की पावणेपाचला यंत्र आपणहून घरोघर फोन लावतं. लांबच्या वस्त्यांवरची पोरं सहाच्या आत बसच्या थांब्याकडे निघतात. फोन उशिरा गेला तर पोर उणे तीसमध्ये अंधारात उभं राहतं आणि बस काही येत नाही.

ही भीती आर्लिसला आमच्यापेक्षा जास्त होती, आणि त्याला कारण होतं. ती उत्तरेकडच्या एम्बॅरस गावची. आमच्याकडेही थंडी पडते, पण एम्बॅरसचे लोक आमच्या थंडीला हसतात. ती नऊ वर्षांची असताना एकदा शाळा बंद असल्याचं रेडिओवर सांगितलं होतं, पण यांच्याकडे वीज गेलेली. ती आणि धाकटा भाऊ रेनो रस्त्यावर बसची वाट बघत उभे राहिले. रेनोचा एक हातमोजा ओला झाला होता. शेजाऱ्याची गाडी आली तोवर त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही बटाटे सोलता सोलता, आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "कर्ट, कांदा तू चिरतोस का?"

आता थोडं यंत्राबद्दल. हे काम एका संगणकावर चालत नाही. कुठल्याशा कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या संगणकांचा ताफा आहे. बाहेरचे लोक त्याला क्लाउड म्हणतात, आम्ही क्लस्टर म्हणतो. त्या ताफ्याने काय चालवायचं, कधी चालवायचं, किती यंत्रांवर चालवायचं, हे फायलींमध्ये लिहून द्यावं लागतं. एकेका गावाच्या शाळांची एकेक फाईल. सगळ्या आर्लिसने लिहिलेल्या. ताफा सांभाळणारं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि त्याला लंडनची ग्रीनिचची वेळ सोडून दुसरी वेळच कळत नसे. म्हणजे आमच्या पावणेपाचला त्याचे पावणेअकरा. तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यात आम्ही घड्याळं तासभर पुढे करतो, तेव्हा त्याचे पावणेदहा.

म्हणून वर्षातून दोनदा, घड्याळं बदलायच्या रविवारी, आर्लिस ऑफिसात येऊन एकेक फाईल उघडायची आणि तासाचा आकडा हाताने बदलायची. हे घरी बसूनही झालं असतं. पण ती म्हणायची, "घरी मांजर मांडीवर येतं. पोरांच्या वेळेशी खेळताना मांडीवर मांजर नको." मग ती पाव घेऊन यायची, मी कॉफी करायचो आणि मदतीच्या नावाखाली पाव खायचो. आम्ही त्याला आर्लिसचा सण म्हणायचो.

मग आला प्रेंटिस ओकली. आमचा नवा साहेब, मिनीॲपोलिसचा. माणूस वाईट नाही, फक्त बर्फात रुतलेली गाडी त्याने कधी ढकललेली नसावी, कारण त्याला सगळं लगेच हवं असायचं. त्याने उन्हाळ्यातच सांगितलं, "जानेवारीनंतर या जुन्या सॉफ्टवेअरकडे बनवणारे ढुंकून बघणार नाहीत. त्याआधी सगळा ताफा नव्या आवृत्तीवर न्यायचा. आर्लिस, तुझ्या फायली तूच बदल."

"माझ्याच कशाला," आर्लिस म्हणाली, "बदल तू, मी चुका काढते."

"मला तुझ्या फायली वाचून घाम फुटतो."

"मग ठीक आहे. खरं बोललास म्हणून करते."

नव्या आवृत्तीला स्थानिक वेळ कळत होती. फाईलमध्ये एक ओळ घातली की झालं, पावणेपाच म्हणजे आमचे पावणेपाच, उन्हाळा असो की हिवाळा. त्या ओळीत गाव मात्र शिकागो लिहायचं. आमच्या वेळेलासुद्धा नाव शिकागोचं! मी त्यावर दोन दिवस कुरकुर केली. आर्लिस म्हणाली, "शिकागोला तरी कोण विचारतं म्हणा, घेऊ दे नाव." आणि ती कामाला लागली. सप्टेंबरपासून रोज थोड्या थोड्या फायली. जुनी फाईल उघडायची, नव्या पद्धतीने लिहायची, शिकागोची ओळ घालायची, तास परत आपल्या घड्याळाप्रमाणे करायचा, आणि जुनीच्या शेजारी ठेवून द्यायची. नोव्हेंबरात घड्याळं मागे करायचा रविवार आला तोवर निम्म्या झाल्या होत्या. त्या रविवारीही ती नेहमीसारखी पाव घेऊन आली. जुना ताफा अजून चालूच होता ना.

"तुझा हा शेवटचा सण गं," मी म्हणालो.

"तुझा शेवटचा फुकटचा पाव," ती म्हणाली. मला तिच्या आवाजात जरा जड काहीतरी वाटलं, पण तोंडात पाव होता.

जानेवारीच्या सुरुवातीला सगळं तयार झालं. आम्ही वेगळ्या ताफ्यावर करून बघितलं. बटण दाबलं, ऑफिसातले सगळे फोन वाजले, निरोप बरोबर आला. पुढच्या आठवड्यात कॅनडातून जबरदस्त थंडी खाली येणार असं हवामानखातं सांगत होतं, आणि प्रेंटिसला त्याआधी हात मोकळे हवे होते. शेवटची बैठक भरली. मिनीॲपोलिसचे चौघं पडद्यावर, आम्ही दोघं इथे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोठा बदल करायच्या आधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारतात. तो 'जाऊ' म्हणतो किंवा 'थांबू'. एकाने जरी 'थांबू' म्हटलं तरी सगळे थांबतात, आणि का म्हणून त्याला विचारायचं नाही. कारण विचारायला लागलं की पुढच्या वेळी भित्रा माणूस गप्प बसतो.

सगळे 'जाऊ' म्हणाले. मीही म्हणालो.

"आर्लिस?"

"थांबू."

पडद्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. प्रेंटिसने रीत मोडली. "आर्लिस, आपण करून बघितलं ना? पडद्यावर सगळ्या खुणा हिरव्या आहेत. मी वरती काय सांगू?"

"सांग, म्हातारी अडून बसली आहे," ती शांतपणे म्हणाली. "आपण बटण दाबून बघितलं. घड्याळाने आपणहून लावलेला फोन मी अजून ऐकलेला नाही. मला एक पहाट दे. फक्त आमच्या दोघांच्या घरी लागू दे."

"घड्याळ काय चुकणार आहे?"

"घड्याळ नाही चुकत," आर्लिस म्हणाली.

बैठक संपल्यावर मी तिच्यावर वैतागलो. थंडी तोंडावर आलेली, आणि हिचं हे. मी म्हणालो, "खरं सांग, तुला तुझा सण सोडवत नाहीये. आता रविवारी इथे यायची गरज उरणार नाही, म्हणून पाय ओढतेस."

तिने चष्मा काढून पुसला. तिला लागलं होतं, दिसतच होतं. "असेलही," ती म्हणाली. "नाही म्हणणार नाही. त्या दोन रविवारी मला वाटायचं, या पोरांचं कुणीतरी आहे. पण कर्ट, ते माझं दुखणं झालं. फोन माझ्या दुखण्यासाठी नाहीये. तू उद्या पहाटे उठ आणि ऐक."

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच उठून फोन टेबलावर ठेवून बसलो. पावणेपाच झाले. फोन गप्प. पाच झाले. मी आर्लिसला फोन लावला, तर ती उचलेना. मी दाढी करायला घेतली, तोंडाला फेस लावला, आणि मग तो वाजला. यंत्राचा तोच सपाट आवाज, शाळा दोन तास उशिरा आहे. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा. मी आरशासमोर तसाच उभा राहिलो. पावणेसहाला वस्तीवरची पोरं बूट चढवून दाराबाहेर असतात.

ऑफिसात पोचलो तर आर्लिस कोट न काढताच पडद्यासमोर बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही फाईल मी ऑक्टोबरात बदलली," ती म्हणाली. "चारच लिहिले होते मी. आता पाच आहेत. कुणी बदलले माहीत आहे? मीच. सणाच्या दिवशी."

मला कळायला जरा वेळ लागला. त्या रविवारी तिने दरवर्षीसारखं केलं होतं. फाईल उघडायची, तासावर जायचं, एक कळ दाबली की आकडा एकाने वाढतो, बंद करून पुढची. जुन्या फायली आणि बदललेल्या नव्या शेजारी शेजारी. नव्यांना ते लागतच नव्हतं, त्यांचं त्यांना कळत होतं. पण हाताला सवय. तिने नव्यांनाही एकेक तास वाढवून दिला होता. आम्ही बटण दाबून बघितलं, त्यामुळे तासाकडे कुणी बघितलंच नाही.

"मी इथेच होतो की," मी म्हणालो. "मला तरी कुठे दिसलं?"

"तू पाव खात होतास." ती हसली नाही. "मला वाटायचं, मी हाताने करते म्हणून बरोबर होतं. या हातानेच पोरं उभी केली असती मी, कर्ट. या हाताने." तिने हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी कॉफी करून आणली. ती तिने तशीच ठेवली आणि म्हणाली, "चल, मी वाचते, तू बघ. एकही कळ मी दाबणार नाही."

मग आम्ही सगळ्या फायली तशा दुरुस्त केल्या. ती मोठ्याने तास वाचायची, मी बदलायचो, ती परत वाचायची. दुसऱ्या पहाटे फोन पावणेपाचच्या ठोक्याला वाजला, माझ्याकडेही आणि तिच्याकडेही. बैठकीत मी ठरल्या पद्धतीप्रमाणे सांगायला लागलो. अशा वेळी आम्ही कुणाचं नाव घेत नाही. "एका व्यक्तीकडून काही फायलींमध्ये..."

"ती व्यक्ती मी," आर्लिस म्हणाली.

प्रेंटिस म्हणाला, "आणि थांबू म्हणणारी व्यक्ती कोण होती?" त्या दिवसापासून मी त्याला मिनीॲपोलिसचा म्हणून चिडवणं कमी केलं. बंद नाही केलं.

पुढच्या फेरीत सगळ्यांनी 'जाऊ' म्हटलं, आर्लिसनेही. ताफा नव्या आवृत्तीवर गेला. दुपारी गेला आणि कुणाला कळलंही नाही. तेच हवं होतं.

सोमवारी थंडी आली. रविवारी संध्याकाळीच आर्लिसचा फोन. "तुझी गाडी रात्रभर इंजिनच्या हीटरला लावून ठेव, नाहीतर गोठेल. सकाळी मला सॉ-बिल रस्त्याच्या फाट्यावर ने."

"कशाला?"

"त्या वस्तीची फाईल मी सगळ्यांत आधी बिघडवली होती."

पडद्यावर सगळं दिसतं, फोन गेला की नाही, कुणी उचलला, सगळं. मी तसं सांगून बघितलं. ती म्हणाली, "न्यायचं तर ने, नाहीतर मी माझा खटारा काढते." तिचा खटारा त्या थंडीत चालू झाला नसता, हे तिलाही माहीत होतं. नेलं. फाट्यावर बसच्या थांब्याची पाटी, मागे पाइनची झाडं, पलीकडे एकच घर, धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. मी म्हणालो, गाडीत बसून बघ. ती म्हणाली, काचेवर बर्फ धरतो, दिसत नाही. आणि उतरून पाटीखाली जाऊन उभी राहिली. दोन कोट, डोक्याला शाल, हातात हातमोज्यांवर हातमोजे. उजाडायला अजून वेळ होता. सहा वाजले. सव्वासहा झाले. कुणी आलं नाही. मी गाडीत बसून तिच्याकडे बघत होतो, आणि मला तिच्यावर आधी वैतागल्याची लाज वाटत होती.

तेवढ्यात त्या घराचं दार उघडलं. झोपायच्या झग्यावर कोट आणि पायात नवऱ्याचे बूट असतील असले मोठे बूट घातलेली एक बाई बाहेर आली आणि ओरडली, "अहो बाई! कुणाची वाट बघताय? आज शाळा दोन तास उशिरा आहे! तुम्हाला फोन नाही आला का?"

"नाही आला!" आर्लिस ओरडून म्हणाली.

"काय लोक आहेत! म्हाताऱ्या माणसाला कळवायला नको? आम्हाला पावणेपाचलाच उठवून ठेवलंय मेल्यांनी. या, आत या, गोठाल तिथे! गाडीतल्यांनाही आणा!"

मी उतरलो. आर्लिस पाटीखालून हलली नव्हती. तिच्या गालावर पाणी ओघळून तिथेच थिजलं होतं, आणि ती हसत होती.

दारात पोचलो तेव्हा बाईने ओठांवर बोट ठेवलं. "जरा हळू हं," ती कुजबुजली, "पोरं अजून झोपलीत."

"झोपलीत?" आर्लिसने विचारलं.

"तिन्ही. आता सातपर्यंत उठत नाहीत."

आर्लिस दाराशीच खाली बसली. बोटं आखडली होती तरी तिने बुटांचे बंद स्वतःच सोडले, आणि नुसत्या मोज्यांनी, पावलाचा आवाज न करता, आत गेली.