दुसऱ्या तळ्याकाठचं 'नको'

सहा तास डोंगरातून तंगडतोड करायची, घोट्यापर्यंत चिखलात रुतायचं, तोंडावर पाऊस घ्यायचा आणि शेवटी निघालो त्याच कार पार्कात येऊन उभं राहायचं, याला इथले लोक 'वॉक' म्हणतात. दोन हजार तीनच्या मे महिन्यात नवऱ्याच्या कन्सल्टंटसाहेबांनी, म्हणजे तो ज्यांच्या हाताखाली काम करायचा त्या मोठ्या डॉक्टरांनी, आम्हाला अशा एका वॉकला बोलावलं. ते नवराबायको दोघं आणि आम्ही दोघं. आम्ही तेव्हा लँकेशायरमधल्या एका हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. लेक डिस्ट्रिक्ट तिथून गाडीने तासाभरावर.

मला जायचं होतं, पण हवा खायला नव्हे. मीही डॉक्टर आहे. नवरा आणि मी मिरजेला एकाच वर्गात होतो आणि शेवटच्या वर्षी मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते. इकडे येताना ठरलं होतं की आधी त्याने परीक्षा द्यायची, त्याला नोकरी लागली की मी. त्याप्रमाणे त्याची झाली, मग माझीही झाली, पहिल्या झटक्यात. पण बाहेरून आलेल्या डॉक्टरला नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. कुठल्यातरी वॉर्डात काही आठवडे बिनपगारी काम बघत उभं राहायचं, त्याला अटॅचमेंट म्हणतात, आणि तिथल्या कन्सल्टंटकडून शिफारसपत्र मिळवायचं. त्या पत्राशिवाय नोकरीच्या अर्जाला कुणी साधं उत्तर देत नाही. शिवाय पास झालेल्या परीक्षेची मुदत दोन वर्षांची, आणि त्यातलं सव्वा वर्ष मी पोस्टमनची वाट बघण्यात घालवलं होतं.

"तुझ्या साहेबांना एकदा विचार ना," असं मी नवऱ्याला दर आठवड्याला म्हणायचे.

"असं एकदम बरं दिसत नाही गं. योग्य वेळ आली की बघू."

त्याची योग्य वेळ कधी येत नाही हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. म्हणून मी ठरवलं की सहा तास साहेब आपल्याबरोबर आहेत, कुठेतरी विषय निघेलच.

पहाटे उठून मी तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली. चौघांना पुरून उरेल एवढी. डबा माझ्याच पाठीवर होता. साहेब पुढे, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतला नकाशा. मागे त्यांची बायको, मग नवरा, मग मी. दगड रचून केलेल्या कुंपणांच्या बाजूने वाट चढत गेली. माझे बूट नवे आणि स्वस्तातले होते. अर्ध्या तासात टाचेला फोड आला, पण बोलायची सोय नव्हती. साहेबांनी मागे वळून "सगळं ठीक?" असं विचारलं की मी "लव्हली!" म्हणत होते.

डोंगराच्या पोटातल्या अशा तळ्याला इथे टार्न म्हणतात. पहिल्या टार्नपाशी सगळे दगडांवर बसले आणि प्रत्येकाने आपापलं सँडविच काढलं. नवऱ्यानेही काढलं. त्याने आदल्या दिवशी गुपचूप विकत आणलेलं होतं. माझा डबा उघडल्यावर साहेबांच्या बायकोने कौतुक केलं आणि "नो, थँक यू" म्हटलं. मी आपल्याकडच्यासारखी तिच्या मांडीवरच्या रुमालात दोन पुऱ्या घातल्याच. तिने एक अर्धी खाल्ली. बाकीची दीड नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि मग स्वतःचा डबा माझ्यापुढे धरला. आत घरी केलेले फ्लॅपजॅक, म्हणजे ओट्स आणि लोण्याच्या वड्या. वास असा, की मी एका बैठकीत चार संपवल्या असत्या.

"नो, नो, थँक यू," मी म्हणाले. आणि थांबले.

झाकण खटकन बंद झालं. नवऱ्याने माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हटलं, "बसा आता बोंबलत." आणि तो हसला. मलाही हसू आलं.

हे हसणं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या सांगलीकडे पहिल्या 'नको'ला काही किंमत नसते. पहिलं 'नको' भिडेचं, दुसरं रीतीचं, आणि तिसऱ्यांदा कुणी म्हणालं तरच त्याचं पोट भरलेलं असतं. हा माणूस मला बघायला आमच्या घरी आला तेव्हा आईने बेसनाचा लाडू पुढे केला. एका वर्गात शिकलो होतो, तरी बघण्याचा कार्यक्रम झालाच होता. त्याने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा तीन लाडू खाल्ले. नंतर मला म्हणाला, सकाळपासून उपाशी होतो, तुझ्या आईने तिसऱ्यांदा विचारलं नसतं तर मेलो असतो.

दुसरं टार्न आणखी वर, उभ्या कड्याखाली होतं. पाणी काळं, वारा बोचरा. नवरा माझ्यापासून तीन फुटांवर बुटाची नाडी बांधायला वाकला होता. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्हीही डॉक्टर आहात, असं ऐकलं."

"हो."

"मग सध्या काय करता?"

"सध्या घरीच."

"आमच्या मुलांच्या विभागातला कन्सल्टंट माझा जुना मित्र आहे. तो अटॅचमेंटला माणसं घेतो. मी सोमवारी त्याच्याशी बोलू का?"

सव्वा वर्ष मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते असं आपल्या पायाने चालत आलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "नो, नो, प्लीज. माझ्यासाठी तुम्ही कशाला त्रास घेता!"

"बरं, जशी तुमची इच्छा," साहेब म्हणाले. राग नाही, आश्चर्य नाही. माझ्या शब्दाचा त्यांनी मान राखला होता. त्यांनी दुर्बीण काढली आणि कड्यावरचा एक पक्षी मला दाखवला. मला काही दिसलं नाही, तरी मी छान आहे म्हणाले.

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी त्याला म्हटलं, बोल. एकच वाक्य बोलायचं होतं: सर, ती भिडेने नको म्हणतेय, तिला हवंय. त्याने पुन्हा खाली वाकून दुसऱ्या बुटाची, आधीच बांधलेली नाडी सोडली आणि परत बांधली.

उतरताना मी साहेबांच्या मागोमाग राहिले. प्रत्येक फाटकापाशी ते माझ्यासाठी फाटक धरून थांबायचे आणि मला वाटायचं, आता विचारतील. ते मेंढ्यांबद्दल बोलले. कुंपणाचे दगड चुन्याशिवाय कसे रचतात ते बोलले. माझा फोड फुटून मोजा भिजला होता. कार पार्कात त्यांनी हात मिळवला, दिवस छान गेला म्हणाले आणि निघून गेले.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तू ऐकलंस ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू नो म्हणालीस. मला वाटलं तुला रिअली नको असेल."

"माझं नको तुला कळत नाही? तुला?"

"इथे नो म्हणजे नो असतं गं."

हायवेला लागेपर्यंत नुसते वायपर हलत होते. मग तो स्वतःच म्हणाला, "आणि प्रॅक्टिकली विचार कर ना. दोघंही ऑन-कॉल असलो तर घर कोण बघणार? माझी मेंबरशिपची परीक्षा होऊ दे. मग शांतपणे तुझं बघू."

साहेबांना कळलं नाही, त्यांचा काय दोष? त्यांच्या गावात एकदा विचारतात. याला मात्र कळलं होतं. तिसऱ्या लाडवावर वाढलेल्या या माणसाने त्या एका क्षणापुरता इंग्रज व्हायचं ठरवलं.

माझाही दोष आहे, तो झाकत नाही. सोमवारी मी साहेबांच्या ऑफिसात फोन केला. सेक्रेटरीने काय काम आहे विचारलं आणि मी "काही विशेष नाही" म्हणून ठेवून दिला. एकदा नको म्हटलेलं परत मागायला जाणं आम्हाला हात पसरल्यासारखं वाटतं. जळो तो मोठेपणा.

परीक्षेची मुदत संपली. नवऱ्याची मेंबरशिप, म्हणजे वरच्या पदासाठी लागणारी परीक्षा, झाली, मग मुलगी झाली. मग बाहेरच्या डॉक्टरांसाठीचे नियम बदलले आणि माझ्यासाठी उरलीसुरली दारंही लागली. नवरा आज स्वतः कन्सल्टंट आहे. मी एका जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर बसते. काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाचं ॲपेंडिक्स दुखतंय हे मला दिसत असतं आणि मी त्याला जन्मतारीख विचारते.

नवऱ्याच्या हाताखाली आपल्याकडची मुलं येतात, ती बायकांसह आमच्याकडे जेवायला असतात. त्यातल्या कुणा डॉक्टरबाईला मी विचारते, अटॅचमेंटचं कुणाशी बोलू का? ती लाजून म्हणते, "नको काकू, तुम्हाला कशाला त्रास." मी दुसऱ्यांदा विचारते. तिसऱ्यांदा विचारते. मग ती नवऱ्याकडे बघते, आणि मी तिला सांगते, तिकडे नको, माझ्याकडे बघून सांग.

नवऱ्याला मात्र मी एकदाच विचारते. परवा आमरस होता. "वाढू?" म्हटलं. तो सवयीने "नको" म्हणाला आणि वाटी तशीच पुढे ठेवून थांबला. मी पातेल्यावर झाकण ठेवलं.