शेवटच्या बांधीतलं पाणी

आमच्या पतसंस्थेत काही बिघडलं की आधी गरीब माणूस शोधायचा, बिघाड मग. या रीतीची मला तेव्हाही किळस यायची, आजही येते.

२००७ साली गोंदियाच्या मुख्य कचेरीत दोन सर्व्हर आले. दोघांचा मिळून एकच आभासी पत्ता. सगळ्यांनी तोच लावायचा, काम दोघांत आपोआप वाटलं जायचं. नारळ फुटला, पेढे वाटले. कचेरीत सगळं झकास चाललं. शाखांपैकी पहिली जोडली नवेगाव बांधची, तर तिथे काही उघडेचना. दुर्गेश्वरी बिसेन एकटीच तिथला संगणक सांभाळायची, आणि खातेदारांच्या शिव्याही तीच खायची.

मॅनेजर ईश्वरदास गोंदियात आपल्या केबिनमध्ये बसून तो पत्ता लावायचे आणि फोनवर ओरडायचे, "चालू तो है! तेरे को कुछ आता नहीं!"

"साहेब, मी काऊन खोटं बोलीन? उघडूनच नाही राहिलं."

महिन्याभरात तिला काढलं. खुर्चीवर मॅनेजरचा भाचा बसला. थू!

नेटवर्क पाहणारा भूपेंद्र कापगते तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरचा. त्याचे वडील तळ्याच्या तोंडाशी उभं राहून पाणी पोचलं असं कधी म्हणायचे नाहीत. धानाच्या अगदी शेवटच्या वाफ्यात, शेवटच्या बांधीत, पाय घालून पाहायचे. दुर्गेश्वरीला काढल्याचं ऐकून भूपेंद्र स्वतःवरच चिडला. "मी बी गोंद्यातच बसून पाहून राहिलो," म्हणाला आणि मोटरसायकल काढून नवेगावला गेला.

तिथून दोन्ही सर्व्हर आपापल्या पत्त्यावर ओ देत होते, सामाईक पत्ता तेवढा मुका. शाखेची वाट गोंदियाच्या राउटरमधून. हा पत्ता कुणाचा, असं राउटरने विचारलं की उत्तर एका यंत्राच्या नावाने न येता दोन्ही सर्व्हरच्या मिळून साऱ्या गटाच्या नावाने यायचं. राउटरला ते खोटं वाटायचं, तो फेकून द्यायचा. कचेरीतल्या यंत्रांना राउटर ओलांडावाच लागत नव्हता, म्हणून केबिनमध्ये सगळं छान. हा पत्ता म्हणजे हाच गट, अशी एक ओळ राउटरमध्ये हाताने लिहायची होती. परत येऊन भूपेंद्रने ती लिहिली आणि नवेगाव चालू झालं.

ईश्वरदास साऱ्या कचेरीसमोर म्हणाले, "देखा? आदमी बदला, काम चालू!" भाच्याला फोनवरून शाबासकीही दिली.

भूपेंद्र उठला. मॅनेजरच्याच संगणकावर बसून त्याने ती ओळ पुसली. थोड्या वेळात फोन वाजला. भाचा होता. "मामाजी, कुछ खुल नहीं रहा!"

"आता याले बी काढा, साहेब," भूपेंद्र म्हणाला.

ईश्वरदास घाम पुसत म्हणाले, "लिख दे भाई."

"आधी बिसेन बाईले फोन लावा."

लावला. परत ये म्हणाले, चूक झाली मात्र म्हणाले नाहीत. दुर्गेश्वरीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मशीन बिघडली तं मले काढलं. आता मशीन सुधरली. तुमी सुधरले का?"

मॅनेजरांनी फोन ठेवला. खातेदारांचे हाल नकोत म्हणून भूपेंद्रने ओळ पुन्हा लिहिली. दुर्गेश्वरी काही परत आली नाही. भाचा अजून त्याच खुर्चीवर आहे.