शनिवारची सभा

सातवीत असताना लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत एक नव्या बाई आल्या. दर शनिवारी त्या बाकं भिंतीला लावायच्या, आम्हाला गोल बसवायच्या आणि स्वतःही खाली फरशीवर बसायच्या. कुणीही हात वर करून बोलावं, शेवटी बहुमताने ठरवावं, अशी ती सभा. मला प्रमुख निवडलं, तेव्हा मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही, इतकी शेफारले होते.

मुलींच्या संडासाला कुलूप असायचं. 'पोरी घाण करतात' म्हणून किल्ली मोठ्या सरांकडे. सकाळी आलेल्या आम्ही दुपारी घरी जाईपर्यंत कळ काढायचो. एका शनिवारी मीच विषय काढला. अर्ज करायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "विचार करून करा, नावं तुमची जातील." तरी सगळ्यांनी सह्या केल्या.

पुढच्या शनिवारी मोठ्या सरांनी आमच्या बापांना बोलावलं. गाव सोडून आलेले आबा पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होते. तिथे तक्रारीवर पहिली सही करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, एवढंच त्यांना कळत होतं. शाळेच्या पायरीवर ते मला हळूच म्हणाले, "तू गप ऱ्हाय. आठे, या परक्या मुलखात, आपलं कोन शे?"

बाई आमच्यात खाली बसलेल्या असतानाच मोठे सर वर्गात आले, आबा आणि इतर बाप दाराशी उभे राहिले. "तुम्हाला मतदान आवडतं ना? मग हा अर्ज बाईंनी करायला लावला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आबा सरांसमोर हात जोडून उभे होते. मी हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी केला.

बाई उठल्या, साडीची धूळ झटकली आणि सभेची वही घेऊन निघून गेल्या. सोमवारी वर्गावर दुसरे सर आले. बाईंची बदली कुठे झाली, हे आम्ही विचारलंसुद्धा नाही. आज त्या भेटल्या तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

त्या दिवशी परतताना आबांनी बऱ्याच वर्षांनी माझा हात धरला. "शहानी शे मनी पोर," असं माझं कौतुक ते शेजाऱ्यांना सांगत होते. आणि खरं सांगते, तेव्हा मला फार बरं वाटलं.