बुरुलने मारलेली हाक

बुरुलसारखी सून सात गावं धुंडाळली तरी मिळायची नाही, असं तलास खोऱ्यातल्या बायका म्हणत. म्हणणारच! सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही, 'आके', म्हणजे बाबा, म्हणायचं तेही हळू, आणि त्याचं नाव तर जीव गेला तरी घ्यायचं नाही. बाजारात त्याच नावाचा एक न्हावी होता, त्यालाही ती 'ते केस कापणारे' म्हणे. आता काय म्हणावं हिला!

नवरा रशियात मजुरीला. घरी सासूबाई एने, सासरा बेयशेन आणि त्याचा सोव्हिएत काळातला ट्रॅक्टर. राजमा निघाला, नांगरट सुरू झाली आणि ट्रॅक्टरची नांगर उचलायची ताकदच गेली. तेल गार असेतो नांगर मुकाट वर जाई. तापलं की गुडघ्याएवढा उठून कण्हत खाली बसे. म्हाताऱ्याने तेल भरलं, जाळी धुतली. फरक शून्य.

"बस वर, उचलायचा दांडा ओढून धर," तो बुरुलला म्हणाला. "पाइप कुठं पाझरतोय बघतो."

"आके, खाली ओंडका लावू का?"

"मिनिटाचं काम, ओंडका कशाला? भित्री कुठली!" आणि उताणा होऊन तो नांगराखाली सरकला.

बुरुल वर बसून दांडा धरून होती. मागे वळून पाहते तो फाळ हळूहळू खाली येतोय. तिने दांडा आणखी ओढला. पण तो पुरता ओढलेलाच होता. ट्रॅक्टर पुढे घ्यावा तर फाळ त्याच्याच अंगावरून जाणार.

"आके! बाहेर या, आके!"

इंजिनाच्या धडधडीत तिचा आवाज अर्धाच पोचला. म्हाताऱ्याने नुसता हात हलवला. "चहा होय? ठेव झाकून, आलोच!"

फाळ छातीपासून वीतभर राहिला. मग चार बोटं.

"बेयशेन! ए बेयशेन! नीघ बाहेर!"

आईबाप गेल्यापासून त्या घरात त्याला असं कोणी हाकारलंच नव्हतं. बायकोही नाव घेत नसे. तो दचकून कुशीवर लोळला आणि बाहेर पडला. नांगर धप्पकन मातीत रुतला, त्याच्या अंगरख्याचं टोक दाबून.

एने धावत आली. "हाय हाय! नाव घेतलंस त्यांचं? लाज सोडलीस का गं?"

बुरुल खाली उतरली आणि रडायलाच लागली.

म्हातारा टोक सोडवायची खटपट करत होता. "गप गं तू," तो बायकोवर खेकसला. "मरणाचा फरिश्ता आला होता माझं नाव घ्यायला. हिने आधी घेतलं, म्हणून बसलोय इथं."