गच्चीवरचे डिशवाले काका

उजव्या हाताचा पंजा समोर धरायचा, मान किंचित तिरकी करायची आणि म्हणायचं, "थांबा. आधी ऐकून घेऊ." समोर कोणीही असो. मालक तावातावाने वर आलेले असोत, नाहीतर मी दोन-दोन पायऱ्या गाळत धापा टाकत पोचलेली असो. आणि गंमत म्हणजे ऐकण्यासारखं तिथे काही नसायचंच. त्यांच्या हातातल्या मीटरच्या छोट्या पडद्यावर एक दातेरी रेघ हलत असायची. तिच्याकडे टक लावून बघण्यालाच ते ऐकणं म्हणत.

डोंबिवली पूर्वेला एका पाच मजली इमारतीत आमचं केबल टीव्हीचं ऑफिस होतं. दुसऱ्या मजल्यावर मी, तक्रारींच्या फोनवर. माझ्यासमोर काचेपलीकडे कंट्रोल रूम, म्हणजे भिंतभर लहान लहान टीव्ही आणि प्रत्येकावर वेगळं चॅनल. गच्चीवर मोठमोठ्या डिश. उपग्रहाकडून आलेलं चित्र त्या डिश झेलायच्या आणि मग ते केबलमधून घरोघर जायचं. त्या डिश सांभाळणारे म्हणून हे डिशवाले काका. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं, पण ते कोणाच्या तोंडात नव्हतं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, काही बिघडलं तरच ज्याची आठवण होते.

साठीच्या आसपासचे, उंच, उन्हाने रापलेले. खांद्यावर कायम एक फडकं. सकाळी आले की आधी डिशवरची कावळ्यांची घाण पुसायची, अडकलेला मांजा सोडवायचा. जेवायलाही खाली येत नसत. सगळ्यात मोठ्या डिशच्या सावलीत डबा उघडून बसायचे. एकदा मी विचारलं, "काका, खाली या ना जेवायला. सगळे असतो आम्ही."

"सगळे असतात म्हणून तर," ते म्हणाले. "तुम्ही लोक भराभर बोलता गो बाय. मला काय बोलायचं ते सुचेपर्यंत डबा संपतो."

चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे. दोघंच असलो की बाय.

ते ठाण्याच्या बाळकुमचे. अगदी मूळचे, म्हणजे तिथे गाव होतं तेव्हापासूनचे. वडिलांची भातशेती होती. पुढे तिथे टॉवर उभे राहिले आणि जमिनीच्या बदल्यात भावाभावांना फ्लॅट मिळाले. यांचा चौदाव्या मजल्यावर. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर दोघं होते, ती गेल्यावर एकटेच. नवीन वॉचमन आला की यांना गेटवर अडवायचा. ते हसत हसत सांगायचे, "मी म्हटलं, बाबा, तू खुर्ची टाकलीस ना, तिथे आमची म्हैस बांधलेली असायची."

"मग?"

"मग काय. त्याने वहीत सही करायला सांगितली. केली."

मीही तेव्हा कल्याणला एकटीच राहत होते. दिवसभर माझ्या कानाशी अख्खी डोंबिवली भांडायची आणि घरी गेल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज तेवढा मोठा वाटायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण मधूनच काही काम नसताना मी गच्चीवर जायचे, आणि तेही कशाला आलीस म्हणून विचारायचे नाहीत.

मग ती भानगड सुरू झाली. रोज संध्याकाळी सात वाजले की माझे फोन पेटायचे. "अहो, सिरियलमध्ये चौकोन येतायत." "चेहऱ्याचे तुकडे होतायत." "आवाज गेला, परत आला, परत गेला." भिंतीवरचे निम्मे टीव्ही थरथरत होते. सकाळी मात्र सगळं स्वच्छ.

मालकांनी ठरवूनच टाकलं की काकांचं वय झालं. "त्यांना आता दिसत नाही नीट. दुसरा माणूस बघा," असं ते माझ्यासमोरच मॅनेजरला म्हणाले.

काका रोज संध्याकाळी मीटर घेऊन गच्चीवर उभे राहायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचे नवे अँटेना बसले होते. उभ्या पांढऱ्या पेट्या, एक थेट आमच्याकडे तोंड करून. शेजारी ढोलासारखं एक गोल यंत्र होतं.

"तो ढोल नाही त्रास देत," काका म्हणाले. "तो लांबच्या दुसऱ्या ढोलाशी बोलतो. दोघं एकमेकांकडेच बघतात, इकडेतिकडे नाही. त्रास या पेटीचा."

"म्हणजे ते आपल्या जागेत घुसले?"

"नाही ना. हीच तर गंमत." त्यांनी फडक्याने मीटर पुसला. "सरकारने हवेतले पट्टे वाटून दिलेत. हा मोबाइलचा, त्याच्या वर आपला उपग्रहाचा. मधे बांध सोडलाय. ते त्यांच्या शेतात आहेत, आपण आपल्या. पण उपग्रह किती लांब! त्याचा आवाज इथे येईपर्यंत इवलासा होतो. तो ऐकायला आपल्या डिशच्या तोंडाशी जो डबा आहे, तो पडला जुना. त्याला बांध कळत नाही. शेजारचा मोठ्याने बोलला की हा बावचळतो. आणि संध्याकाळी सगळे मोबाइल घेऊन बसतात, तेव्हा शेजारचा जास्तच बोलतो."

मालकांना हे सांगितलं तर त्यांना त्यातलं एवढंच कळलं की दोष त्या टॉवरचा. "बंद करायला लावतो," म्हणाले. त्यांची वरपर्यंत ओळख होती, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत टॉवरची वीज तोडायला माणसंही होती. फक्त काकांनी लिहून द्यायचं होतं की टॉवर आपल्या पट्ट्यात घुसखोरी करतो.

लिहून देण्याआधी काका त्या इमारतीत जाऊन आले. लिफ्ट बंद होती, जिने चढून गेले. गच्चीखालच्या मजल्यावर एका बाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं. निवृत्त शिक्षिका. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्या सांगत होत्या, आधी घरात फोन लागायचाच नाही, डॉक्टरांशी बोलायचं तर यांना एकटं टाकून खाली रस्त्यावर जावं लागायचं. आता उशाशी बसून बोलता येतं. डॉक्टर फोनवरच जखम बघतात.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये काका उभे होते. मी दारात.

"लिहिलंत?"

"नाही शेठ. ते घुसलेच नाहीत, तर लिहू कसं? शेजारचा आवाज गाळायला आपल्या डब्यांना फिल्टर लागेल. त्यांनी पेटी जरा वळवली की भागेल. दोघांचंही चालेल."

"तुम्ही आमच्याकडे कामाला आहात की त्यांच्याकडे?"

काकांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. म्हणाले, "शनिवारपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मी येणार नाही सोमवारपासून. पण खोटं लिहिणार नाही."

मला त्यांचा एवढा राग आला! कोण कुठली ती बाई, तिच्यासाठी हा माणूस स्वतःची नोकरी पणाला लावतो? जिन्यात मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "आईच्या शेवटी मीपण असाच फोन घेऊन खाली पळालेलो गो." आणि वर निघून गेले.

काकांनी कळवल्यावर मोबाइल कंपनीने घोडबंदर रोडच्या ऑफिसातून एक इंजिनीयर मुलगी पाठवली. पंचविशीची, पाठीवर लॅपटॉप, कपाळाला आठ्या. आल्या आल्या म्हणाली, "सर, आमचं सगळं लिमिटमध्ये आहे हां. मी रिपोर्ट घेऊन आलेय."

"थांब. आधी ऐकून घेऊ," काका म्हणाले, आणि मीटर तिच्या हातात दिला.

ती बघत राहिली. मग तिच्या आठ्या गेल्या. "अरे, तुमचा हा डबा, एलएनबीच गुदमरतोय, काका."

"तेच तर." आपलं म्हणणं पहिल्यांदाच कोणालातरी दुसऱ्यांदा न सांगता कळलं, असा त्यांचा चेहरा झाला.

फिल्टर तिनेच ओळखीतून दोन दिवसांत मिळवून दिले. वीतभर लांबीचे धातूचे चौकोनी तुकडे. शुक्रवारी काकांनी ते एकेका डिशला बसवले. चित्र सुधारलं, पण पुरतं नाही. शनिवारी संध्याकाळी ती पलीकडच्या गच्चीवर, काका इकडच्या गच्चीवर, आणि मी खाली टीव्हींच्या भिंतीसमोर. तिघं एकाच फोनवर.

"मी दोन डिग्री खाली झुकवते. बघा."

"बाय, काय दिसतंय?"

"तुटतंय अजून. बातम्यांवाल्याचं नाक नाहीये."

"थोडं डावीकडे घे, पोरी. बाईंच्या घराचं नेटवर्क जायला नको मात्र."

"नाही जाणार. मी त्यांना खिडकीत फोन घेऊन बसवलंय. आता?"

"नाक आलं!" मी ओरडले. "कान पण आले!"

काका हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, तेही फोनवर. साडेसात झाले, आठ झाले, भिंतीवरचा एकही टीव्ही हलला नाही. माझा तक्रारीचा फोन गप्प होता. मग ती मुलगी वडापाव घेऊन आमच्या गच्चीवर आली आणि आम्ही तिघं मोठ्या डिशपाशी बसून जेवलो. काका त्या संध्याकाळी न थांबता बोलत होते. खाडीवरून वारा फिरला की भाताचा वास कसा यायचा, आई रेडिओला कान लावून कशी बसायची. वडापाव संपला तरी बोलत होते.

सोमवारी मालकांनी सगळ्यांना सांगितलं की त्यांनी वरून फोन फिरवला म्हणून काम झालं. काका खाली मान घालून डिश पुसत होते.

पुढच्या वर्षी आमची कंपनी ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीत गेली. सगळी चॅनलं जमिनीखालच्या फायबरमधून थेट यायला लागली. आकाशातून काही झेलायची गरजच उरली नाही. डिश उतरवायचं काम काकांकडेच आलं. चार दिवस ते बोल्ट सोडवत होते. भंगारवाल्याचा टेम्पो गेल्यावर खाली आले, मस्टरवर सही केली, "येतो मॅडम," म्हणाले. मॅडमच, कारण सगळे होते.

महिन्याभराने तक्रारींच्या नंबरवर फोन आला.

"मी बोलतोय गो बाय. चित्र कसं आहे?"

"ठीक आहे काका."

"ठीक म्हणजे? काय काय लागलंय?"

मी काचेपलीकडे बघून सांगितलं. एका टीव्हीवर सासू रडतेय, एकावर क्रिकेट, एकावर कोणीतरी पुरणपोळी लाटतंय. "लाटणं मधेच अडकत नाही ना?" "नाही." "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मग आठवड्यातून एकदा येऊ लागला, दुपारी, माझ्याकडे कॉल कमी असतात नेमका तेव्हा. मला वाटायचं, जुन्या माणसाला कामाची काळजी सुटत नाही. मी सांगत राहायचे. खरं म्हणजे मलाही आवडायचं. दिवसभरात तक्रार न करणारा तेवढा एकच फोन असायचा.

एके दिवशी कल्याणच्या बाजूला रस्ता खोदताना फायबर तुटली. मॅच चालू होती. सगळ्या लाइन एकदम वाजत होत्या. तेवढ्यात काकांचा फोन. "काका, नंतर करते," म्हटलं आणि कापला.

नंतर केला नाही. राहून गेलं. दोन-तीन आठवड्यांनी आठवण झाली तेव्हा त्यांचा फोन बंद लागला.

मग एक दिवस ती इंजिनीयर मुलगी ऑफिसात उभी. तिला आता हाताखाली माणसं होती. "त्यांना शिकवायला काकांना न्यायचंय," म्हणाली. "मोबाइल आणि डिश दोघांना एकत्र कसं बसवायचं ते काकांसारखं कोणी सांगत नाही." मस्टरच्या फाइलमधून पत्ता काढला आणि रविवारी आम्ही दोघी बाळकुमला गेलो. वाटेत मी तिला काकांच्या त्या दुपारच्या फोनांबद्दल सांगितलं.

दार पुतण्याने उघडलं. त्याच इमारतीत खाली राहतो. फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून आवरत होता. त्याने सांगितलं, काका सकाळी झोपेतच गेले. दिवस सांगितला. मी फोन कापल्यानंतरचा आठवा दिवस होता.

त्याने आम्हाला बसायला सांगितलं आणि पाणी आणलं. एक पलंग, आईचा फोटो, खिडकीशी खुर्ची. समोरच्या भिंतीवर खिळ्यांची भोकं आणि रंग न उडालेला मोठा चौकोन.

"टीव्ही नेलात का?" त्या मुलीने सहज विचारलं.

"टीव्ही नव्हताच," पुतण्या म्हणाला. "आजी गेली त्या महिन्यात काकांनी काढून टाकला. मी किती वेळा म्हटलं, नवीन लावून देतो, एकटे असता. तर म्हणायचे, कशाला? मला सांगणारं माणूस आहे."

"कोण?"

"काय माहीत. कोणी येताना-जाताना तर दिसलं नाही. आम्हाला वाटायचं, असंच बोलतात."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पाणी संपवलं, ग्लास खाली ठेवला.